रहस्यकादंबरी: पाचव्या प्रकरणात माणूस मरतो, पण मलाच पटत नाहीये

वेण्णाकाठची | शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, दोन वर्षं कुणाला न सांगता एक रहस्यकादंबरी लिहितेय. एकवीस प्रकरणं ठरवलीत, नऊ झालीत, आणि गाडी पाचव्यातच रुतलीय. पुढची चार ओढूनताणून लिहिली, हे माझं मला कळतं.

गोष्ट थोडक्यात. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, माची पेठेत जुना वाडा. साल २०२५. मालक म्हणजे थोरले, वय सत्तर, जन्माची तंबाखू, तोंड फटकळ. वाडा बिल्डरला द्यायला तयार नाहीत. घरात धाकटा भाऊ, त्याची बायको (तिला सगळे धाकटीच म्हणतात), त्यांचा मुलगा, आणि जानेवारीपासून येऊन राहिलेला पुण्याचा भाचा. महाशिवरात्रीला थोरले चहाचा घोट घेतात, "कडू लागतोय" म्हणतात आणि खुर्चीतच मान टाकतात. चहात परसातल्या कण्हेरीचा पाला. शेजारच्या आक्का, बँकेतून निवृत्त झालेल्या, छडा लावतात. कसा? तर खिडकीतून त्यांना कण्हेरीची एक फांदी मोडलेली दिसते.

नवऱ्याला वाचून दाखवलं, तो "छान आहे" म्हणाला. तो सगळ्यालाच छान म्हणतो. तुम्ही बोला.

टवाळ_कराडकर | रात्री ९.२५

चहा कडू लागला म्हणून माणसं मरायला लागली तर साताऱ्याचा पोवई नाका उद्या दुपारपर्यंत रिकामा होईल ताई.

फुलपुडी | रात्री ९.४८

मी माहेरची साताऱ्याची. महाशिवरात्रीला पहाटे सहापर्यंत पेठेतली एकूण एक कण्हेर ओरबाडलेली असते. पिशव्या घेऊन फिरतात लोक, दुसऱ्याच्या कंपाउंडवरून हात घालून तोडतात, वर "देवालाच नेतोय" म्हणतात. त्या दिवशी मोडलेली फांदी हा पुरावा कसला? न मोडलेली दिसली असती तर संशय घेण्यासारखं होतं.

नाडीपरीक्षा | रात्री १०.३०

मिरजेत शिकलो, आता सांगलीत दवाखाना आहे. टीव्हीनं विषाबद्दल फार गैरसमज पसरवलेत. घोट घेतला, गळा धरला, संपलं, असं झाडपाल्याच्या विषानं होत नाही. कण्हेरीत हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स असतात, ओलिअँड्रिन त्यातलं मुख्य. डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाच्या जातकुळीतलं. आधी मळमळ, उलट्या, मग नाडी मंदावते, ठोके चुकायला लागतात. तासांचा मामला आहे. दवाखान्यात नेलं की ईसीजी काढतात आणि बऱ्यापैकी अनुभवी डॉक्टर असेल तर विचारतोच की घरात कण्हेर, बिट्टी काही आहे का.

दोन मिनिटांत गेलेला सत्तरीतला तंबाखूवाला माणूस मी हृदयविकारात धरेन. कादंबरी पाचव्या प्रकरणातच संपेल.

गल्लीतला_सोनार | रात्री ११.०२

गुंज घाला की. आजोबांच्या डबीत लालभडक गुंजा असायच्या, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याला शहाण्णव. लहानपणी मी त्यातली एक गिळली होती. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं, आजोबा मात्र म्हणाले, "उद्या मोज, शहाण्णव भरतील."

नाडीपरीक्षा | रात्री ११.१०

भरल्या का ते विचारत नाही. गुंजेचं टरफल टणक असतं, अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. चावली असतीत तर आज हा प्रतिसाद लिहायला नसता. आतलं ॲब्रिन फार वाईट.

टवाळ_कराडकर | रात्री ११.१५

मग धोतरा. शिवरात्र आहे, घरात असणारच, कुणी विचारणार नाही.

नाडीपरीक्षा | रात्री ११.४०

धोतऱ्याची अडचण अशी की तो गुपचूप काम करत नाही. तोंडाला कोरड, बुबुळं मोठी, चेहरा लाल, माणूस बरळतो, हवेतले दोरे पकडल्यासारखी बोटं हलवतो, अंगावरचे कपडे ओढतो. बघणारा ओळखतोच. पूर्वी वाटसरूंना प्रसादातून धोतरा देऊन लुटायचे, त्यासाठीच तो बदनाम. आमच्या तोंडी परीक्षेत दोन बश्या पुढे ठेवायचे, एकीत मिरचीचं बी, दुसरीत धोतऱ्याचं. मी उलटं सांगितलं. सरांनी विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?" मी म्हटलं आई. म्हणाले, "नशीब."

व्यवस्थापक | रविवार, सकाळी ७.३०

चर्चा छान चालली आहे, पण किती प्रमाण, कसं बनवायचं, कशात लपवायचं असलं इथे कुणी लिहू नये. कादंबरीला त्याची गरज नसते. एक प्रतिसाद उडवला आहे, ज्याचा उडवला त्याला कळलं असेल.

कृष्णाघाट | रविवार, सकाळी ९.०५

विष कोणतं हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम. मला आक्का पटत नाहीत. आयुष्यभर बँकेत पासबुकं भरलेल्या बाईला कण्हेरीचं विष कळतं कुठून? तुम्ही नऊ प्रकरणांत कुठेतरी "आक्कांनी इंटरनेटवर शोधलं" असं लिहिलं असणार. पैज लावतो. सांगलीत राहतो, हरलो तर भडंग पाठवतो.

हौशी शोधक म्हणजे ज्याला पोलिसांचं प्रशिक्षण नाही असा माणूस. ज्याला काहीच येत नाही असा माणूस नव्हे. त्याच्या हाताखालून आयुष्यभर एखादी गोष्ट गेलेली असते, म्हणून पोलिसाला जे कचरा वाटतं ते त्याला खटकतं. धोब्याला डाग वाचता येतो, शिंप्याला टाका. तुमच्या आक्कांना काय येतं?

वेण्णाकाठची | रविवार, सकाळी ९.३०

सातव्या प्रकरणात लिहिलंय, "आक्कांनी मोबाइल उघडला." भडंग वाचला तुमचा.

गुरांचा_डॉक्टर | रविवार, दुपारी १२.२०

माण-खटाव भागात पंधरा वर्षं गुरं बघतोय. कृष्णाघाट म्हणतात त्यात भर. आमच्याकडे ज्वारीची किराळ लागते. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी, नाहीतर कापणीनंतर फुटलेले फुटवे जनावरानं खाल्ले की त्यातून सायनाइड तयार होतं. सकाळी धडधाकट सोडलेली गाय दुपारी बांधावर आडवी. तेच पीक फुलोऱ्याच्या पुढं गेलं की धोका पुष्कळ कमी होतो. चारा तोच, शेत तेच, फरक फक्त वयाचा.

गोठ्यात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न जनावराबद्दल नसतो. काल कुठं चरली, दावं कुणी सोडलं, बांधावर काय उगवलंय, बरोबर कोण होतं आणि ते कसं आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एक मेलं, पण त्याच रानात चरलेलं दुसरं जगलं असेल तर मी मेलेल्याला सोडून जगलेल्याकडे जातो. ते जास्त सांगतं.

तुमच्या वाड्यात थोरल्यांच्या बरोबर कोण चरलं?

वेण्णाकाठची | रविवार, दुपारी १२.४०

हे वाचून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले पाच मिनिटं. कुणीच नाही चरलं बरोबर. चहा एकट्याचा होता. चहा काढला.

बांधावरचा | रविवार, दुपारी ३.१५

न्हाई म्हणलं तरी बोलतो. आमचं गाव तासगावच्या अंगाला, पन आजोळ कोयना खोऱ्यात. तिकडं पावसाळ्यात कुंपनाला एक वेल चढतो. पानाच्या टोकाला मिशीगत वळनं असत्यात, त्यानं धरून चढतो. फूल म्हंजी इस्तू पेटल्यासारखं, खाली पिवळं वर तांबडं. कळलावी. आजी हात लावू देत न्हवती. बाळंतीण अडली तर कळा याव्यात म्हनून सुईणी वापरायच्या, त्यावरनं नाव पडलं म्हनायची. ह्याचा कंद जमिनीत आसतो, रताळ्याचा भास होतो. घरात उपास हाय न्हवं?

वैद्यबुवा | रविवार, सायंकाळी ५.००

आयुर्वेदात सात उपविषं सांगितली आहेत: रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, धोतरा, कळलावी, कण्हेर, गुंज आणि अफू. मंडळींनी नकळत बरीचशी यादी पुरी केली. कळलावीला संस्कृतात लांगली म्हणतात. कंद नांगरासारखा वाकडा असतो म्हणून. रताळं असं काटकोनात वाकत नाही, हे धागाकर्तीने लक्षात ठेवावे.

टवाळ_कराडकर | रविवार, सायंकाळी ५.०४

कळ लावणारी कळलावी! पुस्तकाचं नाव मिळालं. खुनी नातेवाईक असेल तर "कळलाव्या".

वेण्णाकाठची | रविवार, सायंकाळी ५.३०

टवाळ, पहिल्यांदाच तुमचं काहीतरी वहीत लिहून ठेवलं.

उपास आहे. रताळी उकडलीत. थोरल्यांची जीभ तंबाखूनं मेलेली, त्यांना चव कळत नाही. धाकटीनं पहिलाच घास कडू लागला म्हणून थुंकला. ती जगते. गुरांच्या डॉक्टरांचं "जगलेलं जनावर" मिळालं. पण जगलेली धाकटी सांगणार काय? रताळं खराब होतं, एवढंच ना?

कास पठाराचं एक प्रकरण पण डोक्यात आलंय. सप्टेंबर, फुलांचा गालिचा, धुकं, आणि खुनी कंद खणतोय.

फुलपुडी | रविवार, सायंकाळी ५.५०

हंगामात कासला कुदळ घेऊन जाऊन दाखवा. तिकीट, राखणदार, आणि सेल्फी काढणारे हजारभर साक्षीदार. शिवाय जांभ्यावर वीतभर माती. २०१२ पासून जागतिक वारसा आहे तो, तुमच्या खुन्याचं परसू नव्हे. कळलावी वाड्याच्या मागच्या पडक्या भिंतीवर चढवा, साताऱ्यात ते कुणालाही पटेल.

बांधावरचा | रविवार, रात्री ८.१०

आनी कासला गेला तरी येक ध्यानात घ्या. शिवरात्रीला वेल नसतोच. मिरगानंतर उगवतो, श्रावण-भादव्यात फुलतो, दिवाळीच्या पुढं वाळून जातो. कंद तेवढा जमिनीत निजलेला. माघात तिथं नुसती माती दिसनार. म्हंजी ज्यानं खनला त्यानं पावसाळ्यात फूल बघून जागा हेरल्याली.

काळा_कोट | रविवार, रात्री ८.१४

बांधावरचे दादा, तुम्ही पुण्याच्या भाच्याला निर्दोष सोडलंत! तो जानेवारीत आलाय. त्यानं तो वेल कधी बघितलाच नाही.

वेण्णाकाठची | रविवार, रात्री ८.१६

अरे देवा. भाचाच खुनी होता माझा.

कृष्णाघाट | रविवार, रात्री ८.३०

फारच छान. वाचकाला शेवटपर्यंत भाच्यावर संशय घेऊ दे, आणि एका वाक्यात त्याला सोडव: "हा पावसाळ्यात इथे नव्हता." पुरावा वीस प्रकरणं उघड्यावर पडून असला पाहिजे, श्रावण-भाद्रपदातला, कुणी लक्ष न दिलेला. तिसऱ्या प्रकरणात एखाद्या जुन्या फोटोत भिंतीवर ते फूल दिसू दे.

काळा_कोट | रविवार, रात्री ९.००

आता कायद्याचं बोलतो, कारण कुणीच बोलत नाही. तुमचा फौजदार कागदावर "३०२" लिहितो का? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाला कलम १०३. अकस्मात मृत्यूची चौकशी पूर्वी १७४ खाली व्हायची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. हवालदाराच्या तोंडी "तीनशेदोन" राहू दे, सवय आहे, आम्ही पण कोर्टाच्या कँटीनमध्ये तसंच बोलतो.

त्याहून मोठी भानगड. डॉक्टरनं जुलाब-उलट्या लिहून दाखला दिला तर थोरल्यांचे अंत्यसंस्कार त्याच दिवशी संगम माहुलीला होतील. मग आक्का राखेतून काय शोधणार? तेव्हा दवाखान्यातला एखादा तरुण डॉक्टर दाखला द्यायला नकार देतो, पोलिसांना कळवतो, शवविच्छेदन होतं, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून पुण्याच्या प्रयोगशाळेत जातो. अहवालाला वेळ लागतो. सोबतच्या पत्रात संशय काय तो लिहिलेला असतो, आणि आपल्याकडे तिथे बहुतेकदा कीटकनाशकच असतं. कीटकनाशक सापडत नाही. फाइल झोपते. तिथे तुमच्या आक्का हव्यात.

स्लाइडवाली | रविवार, रात्री ११.२०

दिवसभर वाचतेय, आता राहवत नाही. कराडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. कळलावीत असतं ते कोल्चिसिन. आमच्या प्रयोगशाळेतलं जुनं ओळखीचं. कांद्याच्या मुळाची टोकं त्यात बुडवायची आणि स्लाइड करायची. पेशी दोन होताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून न्यायला जे धागे लागतात, ते कोल्चिसिन बनूच देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते. गुणसूत्रं दुप्पट करायला रोपांवर हेच वापरतात. (धाग्यावर धाग्यांची गोष्ट, माफ करा.)

नाडीपरीक्षा, माणसात काय होतं हो?

नाडीपरीक्षा | सोमवार, सकाळी ६.५०

तेच होतं, फक्त कांद्याऐवजी माणूस. जिथे पेशी झपाट्यानं दोन होतात तिथे आधी मार बसतो. आतड्याचं अस्तर पहिलं, म्हणून काही तासांनी पटकीसारखे उलट्या-जुलाब. त्यामुळेच लोक अन्न बाधलं समजतात. मग मूत्रपिंड, हृदय. अस्थिमज्जा बसते, पांढऱ्या पेशी कोसळतात. माणूस काही दिवसांनी जातो. संधिवातातल्या गाऊटवर हेच औषध आम्ही लिहितो, जपून.

आणि जो वाचतो त्याचे दोनेक आठवड्यांनी केस जातात. मूठमूठभर. केसांच्या मुळातल्या पेशीही सतत दोन होत असतात ना. पुढे परत येतात.

वेण्णाकाठची | सोमवार, सकाळी ७.०५

धाकटीचे केस.

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७.२०

जगलेलं जनावर बोललं.

फुलपुडी | सोमवार, सकाळी ८.००

अंगावर काटा. आणि घरातल्या बायका काय म्हणतील सांगू? "दिराचा धसका घेतला हो तिनं." कुणी माक्याचं तेल आणून देईल, कुणी पत्रिका दाखवायला सांगेल. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता, आणि आक्का तो बघतायत. टायफॉइडनंतर पण केस जातात, म्हणून तोही संशय आधी मिटवून टाका.

कृष्णाघाट | सोमवार, सकाळी ९.१०

सगळं जमलं, माझा प्रश्न तिथेच. बँकेतल्या आक्कांना हे कळलं कसं?

वेण्णाकाठची | सोमवार, रात्री १०.१५

काल रात्रीपासून त्याच प्रश्नावर अडले होते, आणि उत्तर आमच्या घरातच बसलं होतं.

माझी आत्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होती. तीस वर्षं. बारावी नापास. स्लाइडी धुवायच्या, कांदे पाण्यावर ठेवायचे, मुळं फुटली की ठरल्या वेळी तोडायची, कारण उशीर झाला तर हव्या त्या पेशी सापडत नाहीत. प्राध्यापक बदलले, विद्यार्थी डॉक्टर-कलेक्टर झाले, कांदे आत्यानंच लावले. आम्ही तिला "कॉलेजात साफसफाई करते" एवढंच समजत होतो. मी आज पहिल्यांदा तिला तिच्या कामाबद्दल विचारलं. मला तिच्याबद्दल कादंबरीपेक्षा जास्त लिहावंसं वाटायला लागलंय, पण ते वेगळ्या धाग्यावर.

विचारलं, "कोल्चिसिन माहितीय?" म्हणाली, "छोटी बाटली. कपाटात वरच्या खणात, आत. सर म्हणायचे हात धुतल्याशिवाय डबा खायचा नाही." म्हटलं, कपाटाला कुलूप असायचं का? म्हणाली, "असायचं की."

"आणि किल्ली?"

"माझ्याकडंच. दुसरं कोण सांभाळणार?"

काळा_कोट | सोमवार, रात्री १०.२१

थांबा. म्हणजे आक्का आता बँकेतल्या नाहीत, आत्यांसारख्या प्रयोगशाळेतल्या, आणि त्या पोलिसांना जाऊन सांगणार की कोल्चिसिन शोधा. प्रयोगशाळेला ते सापडणार. आणि तालुक्यात त्या विषाच्या बाटलीची किल्ली एकाच बाईकडे, जी शेजारी राहते, आणि जिनं विषाचं नाव स्वतः होऊन सांगितलं. मी फौजदार असतो तर आक्कांनाच उचललं असतं.

टवाळ_कराडकर | सोमवार, रात्री १०.२३

बाटलीत दोन थेंब कमी भरू द्या. विद्यार्थ्यानं सांडलेले. रजिस्टरला नोंद नाही.

वेण्णाकाठची | सोमवार, रात्री १०.३०

मग तिला सोडवू कशी?

स्लाइडवाली | सोमवार, रात्री १०.५५

सोपंय! बाटलीतलं कोल्चिसिन शुद्ध असतं, एकटं. कंदात ते एकटं नसतं, त्याची भावंडं असतात, ग्लोरिओसिन वगैरे. थोरल्यांच्या व्हिसेऱ्यात भावंडं सापडली तर विष बाटलीतलं नाही, भिंतीकडेच्या मातीतलं आहे. आणि हे प्रयोगशाळेला तपासायला सांगणार कोण? पुन्हा आक्काच. त्यांच्याच तोंडून.

कृष्णाघाट | सोमवार, रात्री ११.१०

भडंग पाठवतो. दोन पाकिटं, एक आत्यांना. पत्ता खाजगी संदेशात द्या.

वेण्णाकाठची | सोमवार, रात्री ११.४०

पहिली पाच प्रकरणं फाडली. शब्दशः, वहीतली. नवरा "छान होतं की" म्हणाला.

खुनी कोण ते आता ठरलंय, इथे सांगणार नाही. एवढंच, की तो पावसाळ्यात घरात होता.

नवा_सभासद_सांगली | मंगळवार, सकाळी ११.०५

नमस्कार, आजच सभासद झालो. धागा पूर्ण वाचला नाही, पण सुचवतो: चहात कण्हेर कशी वाटते?